अनेक स्रोत असलेला रोधकांचा परिपथ सोपा करताना सुरुवात कुठून करावी?

शून्यविभव
मी संध्याकाळी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना विद्युत परिपथ शिकवतो. बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत आणि त्यांचे गणित चांगले आहे. परिपथात दोन बॅटऱ्या दिसल्या की ती लगेच प्रत्येक लूपचे समीकरण मांडतात, दोन अज्ञातांची उकल करतात आणि उत्तरही बरोबर काढतात. मात्र त्याच परिपथातली दुसरी बॅटरी ऊर्जा देत आहे की घेत आहे, किंवा भाररोध दुप्पट केल्यास काय होईल, असे विचारले तर ती पुन्हा पहिल्यापासून समीकरणे मांडू लागतात.

उदाहरण म्हणून मी नेहमी वापरतो तो परिपथ देतो. १२ व्होल्टचा स्रोत ३ ओहममधून आणि ६ व्होल्टचा स्रोत ६ ओहममधून एकाच बिंदूला जोडलेला आहे. त्या बिंदूपासून जमिनीपर्यंत २ ओहमचा भार आहे आणि दोन्ही स्रोतांची ऋण टोके जमिनीला आहेत. भारातून किती धारा वाहते?

स्रोतरूपांतराने हे तोंडी सुटते. १२ व्होल्ट आणि एकसर ३ ओहम म्हणजे ४ अँपिअरचा धारास्रोत आणि त्याला समांतर ३ ओहम. ६ व्होल्ट आणि ६ ओहम म्हणजे १ अँपिअर आणि समांतर ६ ओहम. दोन्ही धारांची बेरीज ५ अँपिअर, ३ आणि ६ ओहम समांतर म्हणून २ ओहम. परत विभवस्रोतात आणले की १० व्होल्ट आणि एकसर २ ओहम. भार २ ओहमचा आहे, म्हणून धारा २.५ अँपिअर आणि भारावर ५ व्होल्ट.

माझे मत असे आहे की रूपांतर आधी शिकवावे आणि लूपची समीकरणे नंतर. आपण शिकलात किंवा शिकवत असाल, तर आपला अनुभव काय आहे, आणि या पद्धतीत उणीव कुठे राहते, ते कृपया सविस्तर लिहावे.

कोकणकडा
शून्यविभव सर, आपल्या उदाहरणातच उणीव दिसते. रूपांतर केल्यानंतर ६ ओहमचा रोधक आकृतीतून नाहीसा झाला. आता ६ व्होल्टच्या बॅटरीतून किती धारा वाहते हे त्या १० व्होल्ट आणि २ ओहमच्या आकृतीकडे पाहून सांगता येत नाही, त्यासाठी मूळ आकृतीकडे परत जावे लागते. विद्यार्थी परत जात नाहीत. मधल्या पायरीवर १ अँपिअरच्या धारास्रोताला समांतर काढलेल्या ६ ओहममधून वाहणारी धारा हीच बॅटरीची धारा आहे असे समजून ते उत्तर लिहितात आणि ते चुकते, कारण ५ व्होल्टवर त्या ६ ओहममधून ०.८३ अँपिअर वाहते, तर बॅटरीची खरी धारा (६ − ५)/६ म्हणजे ०.१७ अँपिअर आहे.

किरचॉफने १८४५ साली क्योनिग्सबर्गला विद्यार्थी असताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दोन नियम मांडले: बिंदूत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या धारा सारख्या असतात, आणि पूर्ण लूपभोवतीच्या विभवांतरांची बेरीज शून्य असते. बाकीच्या सगळ्या पद्धती त्यांतूनच निघतात. त्यामुळे पाया आधी पक्का करावा, असे माझे ठाम मत आहे.

तिसरीघंटा
दोन्ही पद्धती शिकवाव्यात यावर कोणाचे दुमत नसावे. प्रश्न क्रमाचा आहे, त्यामुळे प्रत्येकाने क्रमाबद्दलच लिहिले तर चर्चेचा उपयोग होईल.

बॅटरीवाला_नगर
माझे शिक्षण आयटीआयचे आहे आणि काम इन्व्हर्टर-बॅटरी बसवण्याचे आहे, म्हणून शिकवण्याबद्दल बोलण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु हा परिपथ मला रोज भेटतो. गिऱ्हाईक म्हणते की जुनी बॅटरी अजून चालते आहे, तिच्याच जोडीला एक नवी समांतर लावून द्या.

समजा नव्या बॅटरीचे विभवांतर १२.७ व्होल्ट व अंतर्गत रोध ०.०१ ओहम आहे, आणि जुनीचे १२.१ व्होल्ट व ०.०२ ओहम. अजून काहीही भार लावलेला नाही. तरीही जोडणी केल्याक्षणी ०.६ भागिले ०.०३ म्हणजे २० अँपिअर नवीकडून जुनीकडे वाहू लागतात आणि दोन्हींच्या टोकांवर १२.५ व्होल्ट दिसतात. जुनी बॅटरी चार्ज होऊ लागते तसे तिचे विभवांतर वाढते आणि ही धारा उतरते, त्यामुळे २० हा आकडा फक्त सुरुवातीचा धरावा. पुढेही जुनी बॅटरी आतून झिजलेली असल्यामुळे नवी तिला सांभाळतच राहते आणि स्वतः लवकर खराब होते. म्हणून आम्ही एकाच क्षमतेच्या, एकाच प्रकारच्या आणि एकाच वयाच्या बॅटऱ्याच समांतर लावतो, आणि त्याही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून.

भार नसताना मीटरवर १२.५ व्होल्ट स्थिर दिसतात, म्हणून वरवर पाहता सगळे ठीक वाटते. धारा दिसण्यासाठी क्लॅम्प मीटर दोन बॅटऱ्यांमधल्या तारेवरच लावावा लागतो.

शून्यविभव
बॅटरीवाले दादा, आपण लिहिलेले मी उद्याच वर्गात सांगणार आहे. माझ्या परिपथातही हेच घडते. भार काढून टाकला तर बिंदूवर १० व्होल्ट येतात, आणि ६ व्होल्टच्या स्रोतात ४/६ म्हणजे ०.६७ अँपिअर उलटी शिरते. भार २ ओहमचा असताना तोच स्रोत थोडी का होईना, धारा देत होता. मग दिशा कुठे बदलते? बिंदूवर बरोबर ६ व्होल्ट असतील तिथे. १० × भार ÷ (भार + २) = ६ मांडले की भार ३ ओहम येतो. भाररोध ३ ओहमपेक्षा कमी असेल तर दुसरा स्रोत देतो, जास्त असेल तर घेतो.

कोकणकडा, आपला आक्षेप मला मान्य आहे की मूळ आकृतीकडे परत जावे लागते. परंतु हा ३ ओहमचा टप्पा १० व्होल्ट आणि २ ओहमच्या आकृतीवरून एका ओळीत सापडला. लूपच्या समीकरणांतूनही तो निघतो, पण तो शोधावा असे मुलांना सुचत नाही.

आर्या_डोंबिवली
मी दोघांशीही असहमत आहे. सर्वांत आधी सुपरपोझिशन, म्हणजे एका वेळी एकच स्रोत चालू ठेवून शेवटी परिणामांची बेरीज करणे, शिकवावे, कारण "कोणामुळे काय" हा प्रश्न नवशिक्याच्या मनात आपोआप येतो.

६ व्होल्टच्या स्रोताच्या जागी साधी तार ठेवा. आता ६ आणि २ ओहम समांतर म्हणजे १.५ ओहम, एकूण ४.५ ओहम, आणि १२ व्होल्टमुळे बिंदूवर ४ व्होल्ट, म्हणजे भारातून २ अँपिअर. मग १२ व्होल्टच्या जागी तार ठेवा. ३ आणि २ ओहम समांतर म्हणजे १.२ ओहम, एकूण ७.२, आणि ६ व्होल्टमुळे बिंदूवर १ व्होल्ट, भारातून ०.५ अँपिअर. बेरीज २.५.

एक इशारा मात्र पहिल्याच दिवशी द्यावा. धारा आणि विभवांतरे यांची बेरीज चालते, शक्तीची चालत नाही. पहिल्या स्रोतामुळे भारात २ × २ × २ = ८ वॅट, दुसऱ्यामुळे ०.५ × ०.५ × २ = ०.५ वॅट, मिळून ८.५. प्रत्यक्षात भारात २.५ × २.५ × २ = १२.५ वॅट खर्च होतात. उरलेले ४ वॅट वर्ग करताना येणाऱ्या "दोन एबी" या पदातले आहेत, आणि ते दोघांपैकी कोणा एका स्रोताच्या नावावर लिहिता येत नाहीत. हे उदाहरण दिल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने आपणहून विचारले की मग वीजबिल कोणाला लावायचे. प्रश्न गमतीचा होता, तरी तिला मुद्दा नेमका कळला होता.

कोकणकडा
आर्या ताई, दोन स्रोत असतील तोवर हे सुंदर आहे. पाच स्रोत आले की पाच वेगवेगळे परिपथ सोडवावे लागतात, आणि प्रत्येकात समांतर-एकसर जोडण्या नव्याने पाहाव्या लागतात. त्यापेक्षा एका बिंदूचे एकच समीकरण लिहावे. वर प्रत्येक शाखेतल्या स्रोताचे विभवांतर भागिले त्या शाखेचा रोध, यांची बेरीज. आणि खाली सर्व शाखांच्या १/रोधांची बेरीज. शून्यविभव सरांच्या परिपथात वर ४ + १ = ५, खाली १/३ + १/६ + १/२ = १, म्हणून ५ व्होल्ट. याच सूत्राला मिलमनचे नाव आहे, १९४० सालचे. सर्व शाखा दोनच बिंदूंमध्ये असतील तर याहून सोपे काही नाही, आणि ते किरचॉफचा धारेचा नियमच आहे.

रोधक
चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते खरे सोपे करणे तिथूनच सुरू होते. समीकरण किंवा रूपांतर, काहीही करण्याआधी आकृतीतले काय काढून टाकता येते ते पाहावे.

आदर्श विभवस्रोताला एखादा रोधक समांतर असेल, तर बाकीच्या परिपथासाठी तो नसल्यासारखाच आहे. स्रोत त्या टोकांवरचे विभवांतर बदलू देणार नाही, मग त्याच्या शेजारी १० ओहम असो वा १० हजार. त्याचप्रमाणे आदर्श धारास्रोताला एकसर असलेला रोधक बाकीच्या परिपथाच्या दृष्टीने तारेसारखाच आहे. परीक्षेच्या आकृत्यांमध्ये असे रोधक मुद्दाम पेरलेले असतात आणि विद्यार्थी त्यांना समांतर जोडणीच्या हिशोबात धरून पानभर आकडेमोड करतात. स्रोताची स्वतःची धारा किंवा शक्ती विचारली असेल तेव्हा मात्र काढलेला रोधक परत हिशोबात घ्यावाच लागतो.

दोन वेगळ्या विभवांतरांचे आदर्श स्रोत थेट समांतर दाखवले असतील, तर त्या आकृतीला उत्तरच नाही. बॅटरीवाले दादांचे ०.०१ आणि ०.०२ ओहम नगण्य म्हणून सोडून दिले, तर त्यांचा परिपथ असाच निरुत्तर होईल. कोणता रोध सोडावा हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, तो कोणत्या फरकाला अडवतो आहे यावरून ठरते.

जुनीतारयंत्रे
शून्यविभव सरांनी जे १० व्होल्ट आणि २ ओहम काढले, त्याला आपण थेवेनिनचा समतुल्य परिपथ म्हणतो. लेओन शार्ल थेवेनिन हे फ्रान्सच्या तारखात्यातले अभियंते होते आणि त्यांनी हा सिद्धांत १८८३ साली मांडला. त्याच्या ३० वर्षे आधी, १८५३ मध्ये, हेल्महोल्ट्झने हीच गोष्ट प्राण्यांच्या शरीरातील विजेचा अभ्यास करताना सिद्ध केली होती. स्नायूच्या आत किती स्रोत आहेत आणि ते कसे जोडलेले आहेत हे त्याला पाहता येत नव्हते. बाहेरून दोन टोकांवर जे मोजता येईल तेवढेच हाती होते. धारास्रोताचे रूप १९२६ साली बेल प्रयोगशाळेत नॉर्टनने आणि त्याच वर्षी जर्मनीत हान्स फर्डिनांड मायरने स्वतंत्रपणे दिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की हा सिद्धांत फक्त बाहेरच्या दोन टोकांबद्दल बोलतो. भार काढलेला असताना १० व्होल्ट आणि २ ओहमच्या आकृतीत धाराच नाही, म्हणून उष्णताही शून्य दिसते. मूळ परिपथात मात्र त्याच वेळी १२ व्होल्टचा स्रोत ८ वॅट देत असतो. त्यातले ४ वॅट ३ आणि ६ ओहममध्ये उष्णतेत जातात आणि ४ वॅट ६ व्होल्टची बॅटरी घेते. कोकणकडा यांचा पहिला आक्षेप याच मर्यादेबद्दल आहे, आणि ही मर्यादा सिद्धांतासोबतच शिकवली पाहिजे.

बॅटरीवाला_नगर
दोन स्रोतांचा विषय निघाला आहे म्हणून न्यूट्रलबद्दल लिहितो. इमारतीत तीन फेज येतात आणि प्रत्येक घराला एक फेज व सामाईक न्यूट्रल मिळतो. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. तो मुख्य जागी तुटला, आणि समजा त्या वेळी दोनच फेजवर भार चालू आहे, तर ती दोन घरे एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि दोघांवर मिळून सुमारे ४०० व्होल्ट येतात. एका घरात गीझर चालू आहे, साधारण २५ ओहम, आणि दुसऱ्या घरात फक्त एक जुना पिवळा बल्ब, साधारण ५०० ओहम. बल्बावर ४०० × ५००/५२५ म्हणजे ३८१ व्होल्ट येतात आणि गीझरवर फक्त १९. ज्याच्या घरात भार कमी, त्याचेच सामान जळते. लोकांना नेहमी उलटे वाटते.

रोधक
उत्तम उदाहरण. तिसऱ्या फेजवरही भार असेल तेव्हा कोकणकडा यांनी दिलेले मिलमनचे सूत्रच लागते. फक्त तिन्ही विभवांतरे एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे बेरीज सदिश पद्धतीने करावी लागते. तिन्ही भार सारखे असतील तर वरची बेरीज शून्य येते, आणि न्यूट्रल तुटला तरी कोणाला कळत नाही.

तिसरीघंटा
परिपथात एलईडी किंवा डायोड असेल तर यातले काय टिकते?

आर्या_डोंबिवली
सुपरपोझिशन टिकत नाही, कारण डायोडमध्ये धारा आणि विभवांतर सम प्रमाणात नसतात. परंतु डायोड सोडून उरलेला सगळा परिपथ स्रोत आणि रोधकांचाच असेल, तर डायोडच्या दोन टोकांमधून पाहून त्या उरलेल्या भागाचा थेवेनिन काढता येतो. मग आलेखावर एक सरळ रेषा आणि डायोडची वक्ररेषा, त्यांचा छेदनबिंदू हेच उत्तर. येथे मला सुपरपोझिशनचा आग्रह सोडावा लागतो.

जुनीतारयंत्रे
आर्या ताई, आपला आग्रह मी दुसऱ्या उदाहरणाने परत देतो. अंकीय संख्येचे विभवांतर करण्यासाठी आर-टूआर शिडी वापरतात. त्यात फक्त दोनच किमतींचे रोधक असतात, आर आणि दोन-आर. चार अंकांसाठी चार बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन-आर मधून एक स्रोत, शेजारच्या बिंदूंमध्ये आर, आणि सर्वांत कमी किमतीच्या टोकाला जमिनीकडे आणखी एक दोन-आर.

त्या टोकाकडून सुरुवात करावी. दोन-आर आणि दोन-आर समांतर म्हणजे आर, आणि स्रोताचे विभवांतर निम्मे. पुढच्या बिंदूपर्यंत जाताना आर मिळून परत दोन-आर होतात. तिथेही दोन-आर आणि दोन-आर समांतर, पुन्हा आर, पुन्हा निम्मे. प्रत्येक पायरीवर रोध तोच राहतो आणि मागून आलेले विभवांतर निम्मे होते. स्रोत ८ व्होल्टचे घेतले तर चार अंकांचे वाटे ४, २, १ आणि ०.५ व्होल्ट. १०१० ही द्विमान संख्या दिली (१ म्हणजे त्या अंकाचा स्रोत चालू, ० म्हणजे बंद) की बाहेर ४ + १ = ५ व्होल्ट. वाटे वेगवेगळे दिसतात ते सुपरपोझिशनमुळे, आणि हिशोब छोटा होतो तो थेवेनिनमुळे. चार स्रोतांच्या या शिडीत लूपची चार समीकरणे मांडणाऱ्याला उत्तर मिळेल, पण प्रत्येक अंकाचा वाटा आधीच्याच्या निम्मा का आहे हे त्या समीकरणांत सहजासहजी दिसणार नाही.

कोकणकडा
हे उदाहरण मला पटले आणि शिडीसाठी मी माझा क्रम बदलायला तयार आहे. तरी एक जागा अशी आहे जिथे रूपांतराची सवय मुलांना हमखास फसवते, ती म्हणजे अवलंबित स्रोत. १० व्होल्टचा स्रोत ५ ओहममधून एका बिंदूला जोडलेला आहे, आणि त्या बिंदूत बाहेरून एक धारास्रोत धारा आणतो, ज्याची किंमत त्या बिंदूच्या विभवांतराच्या ०.१ पट आहे. "सगळे स्रोत बंद करा आणि रोध काढा" असे पाठ केलेला विद्यार्थी अवलंबित स्रोतही बंद करतो आणि ५ ओहम लिहितो. प्रत्यक्षात तो स्रोत चालू ठेवून बिंदूत १ अँपिअर सोडावे लागते: १ + ०.१ व्ही = व्ही/५, म्हणून व्ही १० व्होल्ट आणि रोध १० ओहम. खुल्या टोकांवर २० व्होल्ट, शॉर्ट केल्यावर २ अँपिअर, भागाकार पुन्हा १०. तोच गुणक ०.२ केला तर समतुल्य रोध अनंत होतो, आणि त्यापुढे ऋण. येथे किरचॉफचा नियम हाताशी असलेलाच विद्यार्थी तरतो.

डिप्लोमा_पहिलेवर्ष
सर्वांना नमस्कार. मी सगळा धागा वाचला. आमच्या सरांनी असाच एक परिपथ दिला आहे. वरच्याच परिपथात तिसरी शाखा आहे, ६ व्होल्ट आणि २ ओहम, पण त्या बॅटरीचे धन टोक जमिनीला आहे. मला उलट्या बॅटरीचे चिन्ह कुठे बदलायचे ते कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

शून्यविभव
बाळा, त्या बॅटरीला सरळ उणे ६ व्होल्टचा स्रोत मान आणि पुढे कुठेही वेगळा विचार करू नकोस. पहिल्या दोन शाखांचे १० व्होल्ट आणि २ ओहम आपल्याकडे तयार आहेत. त्यांची धारा ५ अँपिअर, तिसरीची उणे ३, बेरीज २ अँपिअर. २ ओहम आणि २ ओहम समांतर म्हणजे १ ओहम. म्हणजे २ व्होल्ट आणि १ ओहम. त्यावर २ ओहमचा भार लावलास की धारा २/३ अँपिअर आणि बिंदूवर ४/३ व्होल्ट. आता कोकणकडा काकांनी सांगितल्याप्रमाणे मूळ आकृतीकडे परत जा, प्रत्येक शाखेची धारा काढ, आणि दिलेली व खर्च झालेली शक्ती जुळते का ते पाहून इथे लिही.

डिप्लोमा_पहिलेवर्ष
सर, केले. १२ व्होल्टच्या शाखेतून (१२ − ४/३)/३ = ३२/९ अँपिअर बिंदूकडे येतात, ६ व्होल्टच्या शाखेतून (६ − ४/३)/६ = ७/९, आणि तिसऱ्या शाखेत (−६ − ४/३)/२ म्हणजे उणे ३३/९, म्हणजे बिंदूकडून खाली जातात. ३९/९ मधून ३३/९ गेले, ६/९ उरले, तीच भाराची २/३ अँपिअर.

शक्तीचे मला आधी वाटले होते की तिसरी बॅटरी चार्ज होत असेल, कारण धारा बिंदूकडून तिच्या शाखेत शिरते. पण ती उलटी जोडलेली आहे, त्यामुळे धारा तिच्या ऋण टोकातून आत जाते आणि धन टोकातून बाहेर पडते, म्हणजे तीही ऊर्जा देतच आहे. तिन्ही स्रोत मिळून ४२.६७ + ४.६७ + २२ = ६९.३३ वॅट. रोधकांमध्ये ३७.९३, ३.६३, २६.८९ आणि भारात ०.८९, बेरीज ६९.३३ च्या आसपास आली, दुसऱ्या दशांशात थोडा फरक पडला म्हणून अपूर्णांकात परत केली. दोन्हीकडे ६२४/९ येतात.